लाइन मी सांभाळते, पण लीडरचं पद आणि पगार मागायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की वाळूजच्या प्लांटमध्ये वर्षभर असेंब्ली लाइन तुम्हीच बघता, कागदावर मात्र अजून ऑपरेटरच आहात. वाढवून मागितलं तर 'लई डोक्यावर बसली' म्हणतील, याची धास्ती वाटते.

ताई, ही धास्ती खोटी नाही. हॅना रायली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाय यांच्या २००७ च्या प्रयोगांत हेच दिसलं: पगाराची तीच मागणी केली, तरी पुरुषापेक्षा बाईबद्दलचं मत जास्त खराब होतं. म्हणून 'बिनधास्त बोला' एवढंच सांगून मी मोकळी होणार नाही.

मी याच एमआयडीसीत लाइनवरून सुपरवायझर झाले, आता इतरांच्या अप्रेझलला बसते. वाढीचं पत्र हातात पडतं तेव्हा आकडा केव्हाच ठरलेला असतो. त्यामुळे बजेट वरच्या साहेबांकडे मंजुरीला जायच्या आधी बोला. आणि आधी पद मागा, मग पैसे. ग्रेड बदलला की पगाराची पायरी बदलते. नुसती वाढ मागितली की पाच-सातशे रुपयांवर बोळवण होते. शिफ्ट बदलताना हँडओव्हरच्या वहीवर सही कुणाची, ऑडिटला उत्तरं कोण देतं, रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, किती घटलं, हे एका कागदावर लिहून न्या. बोलताना लाइनची अडचण पुढे ठेवा: "पद नसल्यानं मला लाइन थांबवता येत नाही, खराब माल पुढे जातो." पुरुषाला 'घर भागत नाही' एवढं म्हटलं तरी चालतं, बाईला एवढी तयारी करावी लागते. मला याचा राग येतो. पण असं बोललेलं ऐकलं जातं, हे मी पाहिलंय.

रात्रपाळीचा मुद्दा हमखास निघेल: 'लीडरला तिन्ही शिफ्ट कराव्या लागतात.' २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेनुसार बाईची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर रात्रपाळी करता येते. संमती तुमची आहे, तेव्हा अटीही तुम्हीच घाला: दारापर्यंत कंपनीची गाडी, शिफ्टला आणखी बायका. घरी जमणारच नसेल, तर फर्स्ट आणि सेकंड शिफ्टचं लीडरपद मागा. रात्रीच्या एका शिफ्टपायी वर्षभराचं काम बाद होऊ देऊ नका.

नाही म्हणाले, तर काय कमी पडतं आणि पुन्हा कधी बसायचं, ते मेलवर लिहून मागा. नुसत्या 'बघू'वर उठून येऊ नका.