परिक्रमेसाठी पैसे साठवताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘मावशी, नर्मदा परिक्रमेला किती पैसे लागतात?’ असं विचारून खाली बूट, सॅक, स्लीपिंग बॅग, पॉवर बँक अशी किमतींसकट यादी जोडली आहेस. यादी नीट केली आहेस. पण तिच्यात आईच्या औषधांसाठी गावी पाठवतोस ते पैसे नाहीत, शैक्षणिक कर्जाचा हप्ता नाही आणि परत आल्यावर नवी नोकरी लागेपर्यंतचे महिनेही नाहीत. खरा खर्च तिथेच आहे.

वाटेचं आधी सांगते, कारण ते थोडं आहे. नर्मदा मैया अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत १,३१२ किलोमीटर वाहते. दोन्ही काठ धरले की २,६०० च्या वर, आणि वळसे वेगळे. रोज वीसेक किलोमीटर चाललास, कुठे तापाने, कुठे पायाच्या फोडांनी थांबलास, तर पाच-साडेपाच महिने धर. या दिवसांत माझ्या जेवणाला आणि मुक्कामाला जवळजवळ काहीच लागलं नाही. संध्याकाळी आश्रमात पोचलं की ‘कितने मूर्ति?’ एवढं विचारतात आणि आसन लावायला जागा दाखवतात. कुठे भोजनप्रसादी तयार असते, कुठे सदाव्रत म्हणून डाळ, तांदूळ, पीठ हातात मिळतं आणि आपलं आपण शिजवायचं. पैसे लागतात ते ओंकारेश्वरच्या कढाईला, म्हणजे मैयाला दाखवायच्या शिऱ्याच्या नैवेद्याला, आणि कन्याभोजनाला, मुखाजवळच्या विमलेश्वरहून समुद्र ओलांडायच्या नावेला, औषधांना, झिजलेल्या बुटांना. माझ्या जोड्याचे तळवे भरूचला पोचेपर्यंत गेले होते. नावेचं भाडं आणि एक-दोन दिवसांचं खाणं वेगळं बांधून ठेव. नाव भरतीवर सुटते, आपल्या सोयीवर नाही.

दानपेटीसाठीही रक्कम आधीच वेगळी काढ. फुकट जेवायला मिळतंय म्हणून पुढे ती कमी करावीशी वाटते. करू नकोस. शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे वाटेवरच्या डोंगराळ जंगलात, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या भादल-बिलगावकडे, एका घरात मला मक्याची भाकरी आणि काळा चहा मिळाला होता. त्या भागातल्या कितीतरी घरांच्या जमिनी सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेल्या आहेत. त्या बाईने पैसे घेतले नाहीत. हात मागे घेतला आणि ‘नर्मदे हर’ म्हणाली. तेव्हापासून दरवर्षी त्याच भागातल्या एका आश्रमशाळेला मी वह्या पाठवते. तो खर्चही मी परिक्रमेच्याच हिशेबात धरते.

आता घरचं. तू पगार ४६,००० लिहिला आहेस. गावी १२,००० पाठवतोस, कर्जाचा हप्ता ७,५००. म्हणजे तू चालत असलास तरी दरमहा १९,५०० जाणारच. साडेपाच महिने चालण्याचे आणि अडीच महिने नोकरी शोधण्याचे, असे आठ धर. १,५६,००० झाले. विम्याला १५,०००, वाटेसाठी, कढाईसाठी आणि दानासाठी मिळून २४,०००. एकूण १,९५,०००. पुढच्या कार्तिकीला निघायचं तर हातात चौदा महिने आहेत, महिन्याला १४,००० बाजूला टाकावे लागतील. मग खोलीभाडं, जेवण, प्रवास सगळं १२,५०० मध्ये. पुण्यात ते जमेल, पण कुठेतरी एका महिन्यात ताण आईकडच्या पैशांवर येईल, आणि ते मला मान्य नाही.

म्हणून माझं ऐक, दोन कार्तिकी थांब. सव्वीस महिन्यांत तीच रक्कम महिन्याला ७,५०० ने जमते. पगार झाला की दुसऱ्याच दिवशी कापली जाईल अशी २४ महिन्यांची आवर्ती ठेव बँकेत उघड. शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे बुटांवर आणि वाटेच्या बाकी सामानावर खर्च कर, आणि ते बूट घालून तेव्हापासूनच रोज चाल. शेअरबाजारात हे पैसे घालू नकोस. ज्या तारखेला निघायचं त्याच तारखेला ते पूर्णच्या पूर्ण हातात हवेत. क्रेडिट कार्डावर तर परिक्रमेची एक वस्तूही घेऊ नकोस.

विम्याकडे नीट लक्ष दे, तुझ्या वयाची मुलं इथेच चुकतात. आजारपणाचा समूह विमा तुझ्या नोकरीबरोबर आहे, राजीनामा लागू झाला की तो जातो. स्वतःची पॉलिसी निघायच्या आदल्या आठवड्यात काढलीस तर अपघात सोडून बाकी आजारांना पहिले तीस दिवस ती उपयोगाची नसते, आणि आधीपासूनच्या दुखण्यांना त्याहून बराच काळ. वर्षभर आधी काढ. हप्त्याची तारीख चालण्याच्या महिन्यांत येणार असेल तर आगाऊ भर. मार्चअखेर तू वाटेत असशील, हे विसरू नकोस.

हे इतकं खोलात का सांगते आहे, तेही लिहिते. मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन निघाले तेव्हा घराच्या कर्जाचे अडीच वर्षांचे हप्ते बाकी होते. पेन्शन वेळेवर सुरू होईल हे मी धरूनच चालले होते. कागद अडकले. मंडल्याला पोचले त्या दिवशी लेकीचा फोन आला, ‘आई, हप्ता परत गेलाय.’ माझ्या भावाने भरला, मोठेपणाने भरला, एक शब्द बोलला नाही. पण त्या संध्याकाळी घाटावर आरतीला उभी होते आणि डोक्यात फक्त व्याज होतं. पुढचे आठ-दहा दिवस मैया उजव्या हाताला वाहत होती आणि मी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते दिवस मला परत मिळाले नाहीत. तुझे तसे जाऊ नयेत.

निघताना हप्त्याच्या खात्यात आठही महिन्यांचे पैसे एकदम ठेव, महिन्या-महिन्याला टाकीन असं म्हणू नकोस. झाडीत मोबाइलला रेंज नसते, यूपीआय चालत नाही, एटीएम दूर. दोन-तीन हजार रुपये दहा-वीस-पन्नासच्या नोटांत जवळ असू देत, ते संपले की मोठ्या गावात पुन्हा काढ. मोबाइलवरची आपोआप कापली जाणारी वर्गणी सगळी बंद कर. खात्यांना वारस लावला आहेस का पाहा. पासबुकं, पॉलिसी आणि तारखांचा कागद एका पाकिटात घालून वडिलांच्या हातात दे, आणि त्यांच्यासमोर एकदा वाचून दाखव. पाच महिन्यांसाठी खोली ठेवू नकोस. सामान माझ्याकडे आण, माळा रिकामा आहे.

दसऱ्यापर्यंत तुझा नवा हिशेब पाठव, यावेळी आईच्या औषधापासून सुरू केलेला. कांबळं आणि पितळी कमंडलू माझ्याजवळ आहे, ते यादीतून काढून टाक. दंड, म्हणजे चालताना हातात धरायची काठी, मात्र ओंकारेश्वरलाच घे. तिथे तुझ्या उंचीचा मिळेल, आणि किंमत फार नसते.

नर्मदे हर.

तुझी,
मावशी