वडिलांच्या स्मरणसभेत मुलाने काय बोलावं? ते इंजिनियर होते, कुटुंबवत्सल होते आणि श्रद्धावान ख्रिस्ती होते

तुम्ही लिहिलंय की चाळिसाव्या दिवशी सभा आहे, पाळकसाहेबांनी तुम्हाला पाच मिनिटं दिली आहेत, पाहुण्यांत निम्मे हिंदू असतील आणि चर्चमध्ये वडिलांच्या नोकरीबद्दल बोलणं बरं दिसेल का, अशी शंका आहे. बरं दिसेल. नोकरीपासूनच सुरुवात करा. इतक्या जोर देऊन सांगतेय कारण माझ्या पपांच्या सभेत नेमकं तेच कुणी बोललं नाही.

पपा इंदूरला पीएचईत, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खात्यात होते, पाणीपुरवठ्याच्या कामावर. आजोबा नगरकडून मिशनच्या कामासाठी इकडे आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. चर्चमध्ये हिंदी, घरातल्या प्रार्थनेत मराठी. 1970 साली नर्मदेचं पाणी इंदूरला आणा म्हणून शहर रस्त्यावर उतरलं, तेव्हा पपा जीएसआयटीएस या इथल्या इंजिनियरिंग कॉलेजात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मोर्चात होते. 1978 मध्ये पहिल्या टप्प्याचं पाणी शहरात पोचलं, तेव्हा ते खात्यात रुजू झालेले होते. त्याआधी यशवंतसागर आणि बिलावली-सिरपूरचे तलाव यांवर आमचं शहर कसंबसं भागवत होतं. आता जलूदला नर्मदेतून उचललेलं पाणी सुमारे 70 किलोमीटर येतं आणि वाटेत विंध्याचा घाट चढतं. घाटावरच्या वांचू पॉइंटपर्यंत टप्प्याटप्प्याने पंपांनी ढकलायचं, तिथून पुढे ते उताराने येतं. एवढ्या चढावर वीज गेली की काय होतं, हे आमच्या घरात लहान मुलांनाही ठाऊक होतं. पंप थांबले की वर चढणारं पाणी मागे फिरतं आणि लाइनला आतून तडाखा बसतो. लाइन रिकामी झाली असेल तर वीज आल्या आल्या पंप सुरू करणं आणखी धोक्याचं. आधी एअर व्हॉल्व्हमधून हवा निघू द्यायची, लाइन हळूहळू भरायची, मग दाब वाढवायचा. घाई केली तर पाइप फुटतो आणि शहर आणखी दोन दिवस कोरडं राहतं.

दर गुड फ्रायडेला आमच्याकडे बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना होते. पाचवा उद्गार, 'मला तहान लागली आहे', बहुतेक वर्षी पपांकडे बोलायला यायचा, आणि ते कामावरचंच बोलायचे. लाइनच्या शेवटच्या टोकाला कोण राहतं, तिथे पाणी का पोचत नाही, मधले लोक मोटर लावून कसं ओढून घेतात. बायबलमध्ये योहानाने ही तहान लिहून ठेवली, कारण प्रभूच्या खऱ्याखुऱ्या शरीराला खरीखुरी तहान लागली होती, असं ते म्हणायचे. मोठ्या काकांना हे मुळीच पटायचं नाही. उपासना संपली की चर्चच्या आवारात दोघांची जुंपायची. काकांचं म्हणणं, ही आत्म्यांची तहान आहे, तू वेदीवरून नळाच्या गोष्टी सांगू नकोस. पपा म्हणायचे, दादा, आत्म्याची आहेच, पण आधी घशाची आहे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

घरच्या पाण्याच्या बाबतीत पपा अगदी कडक होते. आमच्याकडे एक दिवसाआड पहाटे नळ यायचा. खात्याचा टँकर कधी दारात उभा राहिला नाही, त्यावरून मम्मीचे आणि त्यांचे कडाक्याचे वादही झाले. पण पहाटे उठून पिंप, हंडे, बादल्या भरायचे ते स्वतः पपाच. घाटातून रात्री उशिरा परतले असले तरी. मम्मीला त्या वेळी उठवायचं नाही, असा आम्हा भावंडांना हुकूम होता. आजी, म्हणजे मम्मीची आई, अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या अंघोळीचं पाणीही तेच तापवून द्यायचे. कुटुंबवत्सल म्हणजे काय ते सांगायचं असेल तर असलं काहीतरी सांगा. 'ते फार प्रेमळ होते' हे वाक्य कृपा करून बोलू नका. ते प्रत्येक सभेत असतं आणि ऐकून कुणाच्याही डोळ्यासमोर काही उभं राहत नाही.

पपांच्या सभेत काका बोलले, पाळक बोलले, महिला मंडळाच्या अध्यक्षा बोलल्या. काका म्हणाले, 'जगासाठी त्यानं नोकरी केली, पण त्याचं खरं काम मंडळीत होतं.' मंडळी म्हणजे चर्च. मी पहिल्या बाकावर माझा कागद घेऊन बसले होते. मुलीने फक्त आभार मानायचे असं ठरलं होतं, तेवढेच मानले. थडग्यावरच्या दगडाचंही तसंच. मला नावाखाली 'अभियंता' हवं होतं. काका म्हणाले, प्रभूसमोर पदव्या कशाला. दगडावर बायबलचं वचन आहे, अभियंता नाही.

सभेनंतर चहाच्या वेळी जलूदचे एक निवृत्त व्हॉल्व्हमन भेटले. निमाडातून बस धरून आले होते आणि पूर्ण वेळ मागे उभे होते. त्यांनी मला एका उन्हाळ्यातल्या रात्रीची गोष्ट सांगितली. वीज जाऊन आली होती, लाइन रिकामी झालेली, आणि इंदूरहून वरिष्ठांचे फोनवर फोन: पंप चालू का नाही करत? पपांनी लॉगबुकात स्वतःच्या हाताने लिहिलं की उशीर माझ्या आदेशाने होतो आहे, ऑपरेटरचा यात संबंध नाही, आणि खाली सही केली. मग फोनजवळ खुर्ची ओढून बसले आणि माणसांना म्हणाले, तुम्ही जेवून घ्या. लाइन भरली, पहाटे पाणी सुटलं, पाइप शाबूत. मग ते व्हॉल्व्हमन म्हणाले, 'साहब डब्बा खोलकर आँखें बंद करते थे, तो हम भी रुक जाते थे.'

पपांच्या श्रद्धेबद्दल त्या दिवशी चर्चमध्ये जे जे बोललं गेलं, त्या सगळ्यापेक्षा मला हे मोठं वाटतं. काका आजही ऐकत नाहीत. त्यांच्या मते रविवार वेगळा आणि पंपहाऊस वेगळं. मला विचाराल तर दुसऱ्याची नोकरी वाचवायला स्वतःची सही करणारा माणूस त्या क्षणी उपासनाच करत होता, आणि हे मी काकांना तोंडावर सांगितलेलं आहे.

तुमच्या हिंदू पाहुण्यांचं म्हणाल तर त्यांची चिंता करू नका. त्यांना वचनाचा अध्याय कळला नाही तरी व्हॉल्व्हची गोष्ट नक्की कळेल.

दोन गोष्टी राहिल्या. तुम्ही कॅथलिक असाल तर मिस्सामध्ये अशा भाषणाला फारशी जागा नसते, म्हणून फादरना आधी विचारा आणि मिस्सानंतर बाहेर बोला. आणि काकांबद्दल तिखट लिहिलंय खरं, पण मम्मीच्या आजारपणात रात्र रात्र दवाखान्यात तेच बसले होते. माणूस चांगला आहे, या एका मुद्द्यावर चुकतो.

वडिलांच्या हाताखाली काम केलेला एखादा फिटर, मिस्त्री, ड्रायव्हर हयात असेल तर आजच त्याला फोन करा. येण्याजाण्याचं भाडं तुम्ही द्या. तुमच्या पाच मिनिटांतली दोन त्याला द्या आणि पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवा की हा माणूस पुढच्या बाकावर बसणार आहे.