सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्याचे नियोजन
फर्ग्युसनमधील आपल्या तुकडीचा सुवर्णमहोत्सवी मेळावा तुम्ही प्रथमच हाती घेत आहात, म्हणून थोडे सुचवतो. तारीख डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत ठेवावी. परदेशस्थ मंडळी बहुधा तेव्हाच येतात आणि गणेशोत्सवातील रस्ताबंदीचा प्रश्नही उरत नाही. खरे कष्ट यादीचे आहेत. वर्गातील बऱ्याच मुलींची आडनावे लग्नानंतर बदललेली असल्याने बिल्ल्यावर माहेरचे नाव आधी आणि ठळक छापावे, अन्यथा समोर उभ्या असलेल्या मैत्रिणीलाही कोणी ओळखणार नाही. दिवंगतांची नावे व्हॉट्सॲपवरील ऐकीव माहितीवरून घेऊ नयेत; घरच्यांकडून खात्री करावी, कारण श्रद्धांजलीच्या फलकावर हयात माणसाचे नाव झळकण्यासारखी नामुष्की नाही. ॲम्फी थिएटरचा मोह सर्वांना होतो, परंतु तेथील पायऱ्या सत्तरीतल्या गुडघ्यांना मानवत नाहीत, तेव्हा छायाचित्रापुरते तेथे जावे आणि कार्यक्रम तळमजल्यावर, स्वच्छतागृह जवळ असेल अशा सभागृहात करावा. मधुमेही बरेच असणार, त्यामुळे जेवण साडेबाराला वाढलेच पाहिजे. भाषणे दोनच पुरेत. (गाण्याचा हट्ट धरणारा एक जण असतोच, त्याला जेवणानंतर वेळ द्यावा.) वर्गणी आगाऊ घ्यावी आणि ज्यांना ती जड जाईल, त्यांची रक्कम दोघातिघांनी गाजावाजा न करता भरावी.