"एकटा उभा राहिलो तर दिसेल ना सगळ्यांना" : एक समुपदेशन अनुभव

माझ्याकडे येणाऱ्या तिशी ते साठीतल्या लोकांकडून हल्ली एकच गाऱ्हाणं सारखं ऐकू येतं. येण्याचं कारण वेगवेगळं असतं, कोणी झोप लागत नाही म्हणून येतं, कोणी चिडचिड वाढलीय म्हणून, कोणाला घरच्यांनी पाठवलेलं असतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत गाडी तिथेच येऊन थांबते. "मॅडम, आम्ही शहराबाहेर राहायला गेलो, घर मोठं आहे, शांतता आहे, सगळं आहे, पण माणसंच नाहीत हो. लहान मुलांसाठी क्लास असतात, ज्येष्ठांसाठीही काही ना काही चालू असतं, आमच्या वयाच्यांसाठी काहीच होत नाही. आणि या वयात नवीन ओळखी करायच्या तरी कशा?"

इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. एका गृहस्थांची गोष्ट सांगते, त्यांना विचारून, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

वय पंचेचाळीसच्या आसपास. काम घरूनच, लॅपटॉपवर. मुलगी शिकायला बाहेर गेली आणि तिच्याबरोबर शाळेच्या गेटवरच्या सगळ्या ओळखीही गेल्या. हे फार जणांचं होतं. मुलं शाळेत असेपर्यंत वाटतं आपल्याला केवढी माणसं माहीत आहेत, आणि मग लक्षात येतं की ते सगळे आपल्याला "अमकीचे बाबा" म्हणून ओळखत होते. बायकोला तिच्या ऑफिसची मंडळी होती, यांचं मात्र कुरिअरवाला सोडला तर आठवडेच्या आठवडे कोणाशी बोलणं होत नव्हतं.

पहिल्याच भेटीत त्यांनी फोन काढून मला एक यादी दाखवली. लायब्ररीतला बुक क्लब, रविवारचा चालण्याचा ग्रुप, फोटोग्राफीवरचं व्याख्यान, बोर्ड गेमची संध्याकाळ, हौशी नाटकवाल्यांची खुली तालीम, नदीकाठ साफ करायची मोहीम, असं बरंच काही. प्रत्येकापुढे तारीख आणि शेरा. "ठीक." "सगळे आधीपासून एकमेकांना ओळखतात." "परत जाण्यासारखं नाही."

"बघा मॅडम, मी प्रयत्नच केला नाही असं कोणी म्हणू शकणार नाही."

ते खरंच होतं, आणि मी त्यांना तसं सांगितलंही. थकून घरी बसलेल्या माणसाला बाहेर पडायला काय लागतं ते मला माहितीये. पण यादी बघून माझ्या मनात एक प्रश्न आला.

"यातल्या कुठल्याही एका ठिकाणच्या दोन माणसांची नावं सांगता?"

त्यांनी यादी वर केली, खाली केली. "नाही सांगता येणार."

"आणि तिथल्या कोणाला तुमचं नाव सांगता येईल?"

ते काही बोलले नाहीत. प्रत्येक ठिकाणी ते एकदाच गेले होते.

आमच्याकडे काही होत नाही असं म्हणणाऱ्या बहुतेकांचं मला असंच दिसतं. होत असतं, पण आपण ते दुकानात कपडे बघावेत तसं बघत फिरतो, एकदा अंगाला लावून बघितलं, नाही बसलं, ठेवलं. ओळख एका संध्याकाळी मापात बसत नसते. जेफ्री हॉल नावाचे कॅन्सस विद्यापीठातले संशोधक आहेत, त्यांनी लोकांची मैत्री व्हायला एकत्र किती वेळ जावा लागतो याचा अभ्यास केला, तर नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणण्याइतकं व्हायला ९० च्या आसपास, आणि अगदी जवळचा मित्र व्हायला २०० च्या वर, असं निघालं. हा आकडा मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते कारण त्याने माणसाला हायसं वाटतं. दर आठवड्याला दीड तासाचा एखादा कार्यक्रम धरला तर ५० तास भरायला आठ महिने लागतात. तुम्ही दीड तासात निकाल लावून घरी येताय.

कॉलेजात हे तास आपोआप भरायचे, कोणी मोजत नव्हतं. गर्दीच्या वस्तीत जिन्यात, नळावर, बसस्टॉपवर भरायचे. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थी-कुटुंबांच्या वसाहतीत पाहणी केली होती, ती १९५० साली प्रसिद्ध झाली, त्यात ज्यांची घरं जिन्यापाशी किंवा पत्रपेट्यांपाशी होती त्यांच्या ओळखी जास्त झाल्या होत्या. स्वभावाने ते काही वेगळे नव्हते, येताजाता दिसायचे एवढंच. उपनगरात तुम्ही घरातून थेट गाडीत आणि गाडीतून थेट घरात. येताजाता दिसण्याची सोयच नाही, म्हणून ती मुद्दाम करावी लागते, आणि ती करावी लागते यात तुमच्या स्वभावाचा काही दोष नाही हे आधी डोक्यात पक्कं बसू द्या.

तर आम्ही त्यांची यादी बाजूला ठेवली आणि एकच जागा निवडली. निवडताना मी तीन गोष्टी बघायला लावते, घरापासून इतकं जवळ की थकलेल्या दिवशीही जावंसं वाटेल, दिवस आणि वेळ ठरलेली, आणि हाताला काहीतरी काम. व्याख्यानं, मैफली या बाबतीत फारशा उपयोगाच्या नाहीत, तिथे सगळे एकाच दिशेला तोंड करून बसतात. त्यांनी बोर्ड गेमची संध्याकाळ निवडली, दर मंगळवारी, कम्युनिटी हॉलमध्ये. मी सांगितलं, तीन महिने शेरा लिहायचा नाही.

महिनाभराने आले ते चेहरा पाडूनच. "दर मंगळवारी गेलो. खेळताना बोलतात सगळे, पण नंतर कोणी विचारत नाही. त्यांचे त्यांचे ग्रुप आहेत."

इथे मी त्यांना एक अगदी साधा प्रश्न विचारला.

"तुम्ही किती वाजता पोचता?"

"बरोबर सातला. सुरू होतं तेव्हा."

"आणि निघता?"

"संपलं की लगेच. पार्किंगमध्ये गर्दी होते ना."

"किती गाड्या असतात?"

थोडा वेळ गेला. "दहा-बारा."

"मग?"

मग ते बराच वेळ गप्प बसले. मीही बसले. अशा वेळी आपण काही सुचवायचं नसतं, समोरच्याचं उत्तर यायच्या बेतात असतं. आणि ते आलं, अगदी हळू आवाजात.

"संपल्यावर सगळे घोळक्याने उभे राहतात. मी तिथे एकटा उभा राहिलो तर दिसेल ना सगळ्यांना."

"काय दिसेल?"

"की याचं कोणी नाही."

इतक्या भेटींमध्ये पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून आले. आणि मला वाटतं सगळं प्रकरण या एका वाक्यात होतं. उपनगरात कार्यक्रम आहेत की नाहीत, लोक मनमिळाऊ आहेत की नाहीत, हे सगळं त्याच्या पुढचं. या माणसाने मनाशी एक नियम करून ठेवला होता, मी एकटा आहे हे कोणाला दिसता कामा नये. आणि तो नियम पाळण्यासाठी ते नेमके त्या दहा मिनिटांतून पळ काढत होते ज्यात ओळखी होतात. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं आणि संपल्यानंतरची, बाकी वेळ खेळात जातो.

"समजा दिसलं. मग काय होईल?"

"वाईट वाटेल."

"हो, वाटेल. किती वेळ?"

"... घरी पोचेपर्यंत."

"सोसेल?"

"सोसेल की. आत्ताही घरी बसून वाईट वाटतंच आहे."

हे शेवटचं वाक्य त्यांचं स्वतःचं. मी शिकवलेलं नाही, आणि म्हणूनच ते टिकलं.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या वाटेने काम करते, हे माझ्याकडे येणाऱ्यांना एव्हाना माहीत झालंय. एलिस १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायला प्रचंड घाबरायचे, तर त्यांनी ठरवून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जायचं, बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसायचं आणि बोलायचं असा नेम केला. शंभरेक बायकांशी बोलले. भेटायला यायचं कबूल केलं एकीने, आणि ती आलीच नाही! पण भीती गेली, कारण ज्याला घाबरत होतो ते सगळं घडूनही काही बिघडलं नाही हे त्यांनी स्वतः बघितलं. ही गोष्ट त्यांनीच पुढे अनेकदा सांगितली. मी त्यात माझ्याकडून एक बदल करते. लाजऱ्या माणसाला "जा, बोला" असं मी सांगत नाही, ते त्याला आधीच हजार जणांनी सांगितलेलं असतं. मी सांगते, थांबा. कार्यक्रम संपला की दहा मिनिटं मुद्दाम एकटे उभे राहा. फोन काढायचा नाही, कोणाशी बोललंच पाहिजे असं नाही, चेहरा हसरा ठेवायची गरज नाही. फक्त उभं राहायचं आणि बघायचं. इतक्या वर्षांत हा उपाय मी अनेकांना दिलाय आणि तो किती खोल काम करतो ते मला ठाऊक आहे.

पुढच्या भेटीत ते खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागले.

"मॅडम, तिथे अजून दोघंजण एकटे उभे असतात!"

एक बाई आपली पर्स उगाच उघडबंद करत होत्या, आणि एक तरुण मुलगा नोटीस बोर्ड वाचत होता, तोच तोच कागद. महिनाभर हे दोघं तिथे होते आणि यांना दिसले नव्हते, कारण हे तेव्हा गाडीत असायचे. आणि अजून एक झालं, आयोजक बाईंनी यांना म्हटलं, "जरा त्या टोकाला धरता का, टेबल मिटवायचंय." यांनी टेबल धरलं. मग दुसरं. मग खुर्च्या. मग "पुढच्या मंगळवारी जरा लवकर याल का, मांडायला कोणी नसतं."

ते "याल का" सांगताना त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. कोणाला तरी त्यांची गरज होती.

पुढचं सगळं एकदम गोड झालं असं नाही. नोटीस बोर्डवाला मुलगा नंतर यायचा बंद झाला. पर्सवाल्या बाई आणि त्यांचा नवरा मात्र आता यांच्याबरोबर रविवारी चालायला जातात. जिवलग मित्र म्हणावा असा कोणी अजून झालेला नाही, पण दुकानात, रस्त्यावर नावाने हाक मारणारी पाच-सात माणसं आहेत, आणि झोप लागायला लागलीय.

आता तुमच्यासाठी. शोधायचं कुठे हे सगळे विचारतात. फोनवर शोधलं की मोठमोठे, तिकीट लावलेले कार्यक्रम आधी दिसतात, नियमित होणारे छोटे कार्यक्रम जाहिरात करतच नाहीत. ते लायब्ररीच्या फळ्यावर, कम्युनिटी हॉलच्या दारावर, भागातल्या व्हॉट्सॲप किंवा फेसबुक ग्रुपवर जुन्या मेसेजमध्ये दडलेले असतात. लायब्ररीत काउंटरवरच्या माणसाला थेट विचारा, "इथे दर आठवड्याला काय काय भरतं?" त्यांना सगळं माहीत असतं. हॉलचं महिन्याचं बुकिंग कोणाकोणाचं आहे ते विचारा, अर्ध्या तासात सगळा परिसर कळतो.

एखादं छोटंसं काम अंगावर घ्या. काम असलेल्या माणसाला एकटं उभं राहावं लागत नाही आणि त्याचं नाव सगळ्यांना लवकर कळतं. लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांनी २ ऑक्टोबर २००४ ला एक धाव ठेवली, त्यांना स्वतःला दुखापत झालेली, पळता येत नव्हतं, पण पळणाऱ्या मित्रांची सोबत सुटू नये म्हणून ते वेळ मोजायला उभे राहिले. १३ जण पळाले. आज पार्करन म्हणून वीसहून जास्त देशांत ते चालतं, ५ किलोमीटर, फुकट, सगळं स्वयंसेवकांच्या जिवावर. मला त्यात आवडतं ते हे की ज्याला पळता येत नव्हतं त्यानेच ते सुरू केलं. तुमच्या भागात खरंच काही नसेल तर तुम्हीही करू शकता, एक दिवस, एक वेळ, एक जागा, आणि दोनच माणसं आली तरी दोन-तीन महिने बंद करायचं नाही.

दुसरं, घरी आल्यावर "मी काहीतरी बावळटासारखं बोललो" हे जे डोक्यात फिरतं ना, त्यावर फार विश्वास ठेवू नका. मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलंय की पहिल्या गप्पांनंतर समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज लोक सरसकट कमीच बांधतात. म्हणजे तुम्ही गाडीत बसून स्वतःला कोसत असता तेव्हा पर्सवाल्या बाईही त्यांच्या गाडीत तेच करत असतात.

पण घराबाहेर पडायच्या नुसत्या विचाराने छातीत धडधडत असेल, किंवा कशातच मन लागत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर आधी कोणातरी तज्ज्ञाला भेटा, कार्यक्रमांचं नंतर बघू.

आणि ओळख हॉलच्या बाहेर न्यायची वेळ आली की "कधीतरी भेटू या" म्हणू नका, त्याचं काहीच होत नाही. "मी रविवारी सकाळी सातला तळ्याकडे चालायला जातोय, येता का?" असं म्हणा. तुम्ही तसेही जाणारच आहात, त्यामुळे नाही म्हणणाऱ्याला अवघड वाटत नाही आणि तुमचंही चालणं होतं. नाही म्हणाले तर वाद घालू नका, कारण विचारू नका, दोन आठवड्यांनी परत एकदा विचारा, तेव्हाही नाही म्हणाले तर दुसऱ्या कोणाला विचारा.