स्ट्रोकच्या रक्तचाचणीवर पीएचडी करायला जर्मनीत येणार असशील तर

तू लिहिलंयस की पुण्यात बायोटेकमधलं एमएस्सी संपत आलंय, स्ट्रोकच्या बायोमार्करवर, म्हणजे रक्तात मोजता येणाऱ्या खुणेवर, पीएचडी करायची आहे आणि जर्मनीतल्या दोन लॅब डोळ्यासमोर आहेत. एकीकडे प्रथिनं ओळखून मोजणारं भारी मशीन, मास स्पेक्ट्रोमीटर, दुसरीकडे साधी लॅब, पण हॉस्पिटलच्या आवारात. ताई म्हणालीस म्हणून आडपडदा न ठेवता सांगते, हॉस्पिटलच्या आवारातल्या लॅबमध्ये ये.

हार्ट अटॅक रक्तात दाखवणारं ट्रोपोनिन हे प्रथिन आहे, मग मेंदूला तसं काही का नाही, हे मीही पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये ब्लड-ब्रेन बॅरियर आहे, इकडचं तिकडे सहज जाऊ न देणारा पडदा. गुठळीने रक्तपुरवठा तुटला की पेशी हळूहळू मरतात, आणि त्यांची प्रथिनं रक्तात मोजण्याइतकी यायला कित्येक तास जातात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मात्र बहुतेक रुग्णांना साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणजे चाचणी बोलायला लागते तेव्हा वेळ हातातून गेलेली असते. एस१००बी, एनएसई अशी मेंदूच्या पेशींतल्या प्रथिनांची बरीच नावं इथेच अडकली.

जीएफएपीचं वेगळं आहे. हे मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींचं प्रथिन. रक्तवाहिनी फुटून होणाऱ्या स्ट्रोकमध्ये या पेशी लगेच फाटतात आणि जीएफएपी पहिल्या काही तासांतच रक्तात वाढलेलं दिसतं. गुठळीच्या स्ट्रोकमध्ये ते उशिरा वाढतं. म्हणून त्याचा प्रश्न ‘स्ट्रोक आहे का’ हा नाही, ‘फुटलंय की तुंबलंय’ हा आहे. फ्रँकफर्टच्या क्रिस्टियान फोर्श यांच्या गटाने २०१२ मध्ये साडेचार तासांच्या आत आलेल्या २०५ रुग्णांवरचा अभ्यास छापला. त्यात रक्तस्राव झालेल्यांपैकी सुमारे ८४ टक्के पकडले गेले, आणि रक्तस्राव नसलेल्यांपैकी ९६ टक्क्यांना चाचणीने बरोबर ‘नाही’ म्हटलं.

उरलेल्या सोळा टक्क्यांचा विचार कर. छोटा रक्तस्राव चाचणीतून निसटतो, आणि अशा माणसाला गुठळी विरघळवणारं औषध दिलं तर जिवावर बेतेल. म्हणून नुसत्या रक्तावर ते इंजेक्शन कोणी देत नाही, मेंदूचा सीटी स्कॅन लागतोच. पण जीएफएपी खूप वाढलेलं निघालं तर रक्तदाब लवकर खाली आणायला आणि न्यूरोसर्जरी असलेल्या हॉस्पिटलकडे गाडी वळवायला आधार मिळू शकतो. जर्मनीतल्या होम्बुर्गला २००८ पासून सीटी मशीन बसवलेली अ‍ॅम्ब्युलन्स धावते, पण अशी गाडी गावोगाव कशी परवडणार? रक्त तपासणाऱ्या बोटाएवढ्या कार्ट्रिजचं तसं नाही. डोक्याच्या दुखापतीसाठी जीएफएपी मोजणाऱ्या अ‍ॅबटच्या आय-स्टॅट या छोट्या यंत्राच्या कार्ट्रिजला अमेरिकेत २०२१ मध्ये प्लाझ्मावर (पेशी काढून टाकलेल्या रक्तावर) आणि २०२४ मध्ये थेट रक्तावर मान्यता मिळाली. पंधरा मिनिटांत उत्तर. स्ट्रोकसाठी ती मान्यता नाही. तुझं काम नेमकं याच फटीत आहे, आणि ते फ्रीझरमधल्या जुन्या नमुन्यांवर होत नाही.

माझंच सांगते. पहिल्या वर्षी मी एनएसई मोजत होते. आकडे सुरेख येत होते, मी खूश. मग कळलं की वॉर्डातून येणाऱ्या बऱ्याच नळ्यांत तांबड्या पेशी फुटलेल्या असायच्या, आणि एनएसई तांबड्या पेशींतही असतं. तीन महिने मी मेंदू नाही, वाईट पद्धतीने काढलेलं रक्त मोजत होते! नळी कोणी भरली, किती वेळ बाहेर राहिली, हे शेजारच्या इमारतीत असशील तरच कळतं.

भाषेचं म्हणशील तर लॅब इंग्रजीत चालते, रुग्ण नाही. संमतीबद्दल बोलायचं असतं ते घाबरलेल्या नातेवाइकांशी, कारण बरेचदा रुग्णाची वाचाच गेलेली असते, आणि सासऱ्याला झटका आलेली बाई प्रमाण जर्मन बोलत नाही. मॅक्सम्युलर भवनात जर्मनची बी१ पातळी तरी करूनच नीघ. पैशांचं म्हणशील तर करारात बहुधा ‘६५ टक्के पद’ असेल, म्हणजे पगार पूर्ण पदाच्या ६५ टक्के. काम शंभर टक्केच असतं. एकटीचं नीट भागतं. पण घर सापडेपर्यंत दोन महिन्यांच्या खर्चाचे पैसे जवळ ठेव, डिपॉझिटचे वेगळे, ते तीन महिन्यांच्या भाड्याइतकं मागू शकतात.

मुलाखतीत त्यांना दोन गोष्टी विचार: लक्षणं सुरू झाल्यापासून पहिली नळी भरेपर्यंत सरासरी किती मिनिटं जातात, आणि रात्री दोनला रक्त कोण काढतं. मेल पाठवण्याआधी मसुदा मला दाखव. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरुवात करू नकोस, त्यातली एक प्रोफेसर बाई आहे.