दोन यंत्रणांच्या पर्यावरणीय डेटातले शब्द जुळवायचे कसे?

तुम्ही विचारलंय की दोन राज्यांतल्या संस्थांकडून पाणी, पाऊस नि झाडांचा डेटा आला आणि कॉलमची नावंच जुळेनात, तर सगळ्यांना एकच शब्दकोश का लावू नये?

मी बेळगावचा. इथं कृष्णा नि दूधगंगा महाराष्ट्रातून वाहत येतात, मलप्रभा आमच्याच कणकुंबीत उगम पावते. म्हणजे एकाच खोऱ्याच्या नोंदी दोन सरकारांच्या दप्तरात. एकच शब्दकोश कुणी वापरणार नाही. जुन्या नोंदी कोण परत लिहीत बसेल?

वेगळे शब्द फारसे छळत नाहीत. खानापूरच्या जंगलातला ऐन कानडीत मत्ती. वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकांत तो कुठं टर्मिनॅलिया टोमेंटोसा, कुठं क्रेन्युलाटा, आता इलिप्टिका. तासभर बसलात की जुळतं.

फसवतो तो सारखा दिसणारा शब्द. विहिरींच्या पाण्याच्या दोन शीट मी एकदा एकाखाली एक जोडल्या. दोन्हींत कॉलम ‘नायट्रेट’, युनिट मिलिग्रॅम प्रति लिटर. एका बाजूच्या विहिरी एकदम स्वच्छ निघाल्या! मी खूश. नंतर कळलं, एका शीटमध्ये अख्खं नायट्रेट मोजलेलं, दुसरीत त्यातला फक्त नायट्रोजन. फरक ४.४३ पटींचा. पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटची भारतीय मर्यादा ४५ आणि अमेरिकन १० (ती नायट्रोजन म्हणून) हे वाचून लोक उगाच चकित होतात. १० ला ४.४३ ने गुणा, ४४.३ येतात.

पावसाचंही तेच. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ, आणि बेरीज संपल्या दिवसाच्या तारखेला. दुसरं यंत्र मध्यरात्री दिवस बदलत असेल, तर जुलैतला रात्रीचा पाऊस एका फाइलीत आज नि दुसरीत काल.

म्हणून आधी नाव फोडा. रिसर्च डेटा अलायन्स या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आय-अडॉप्ट चौकटीत हेच करतात: कुठला गुणधर्म (सांद्रता, म्हणजे प्रमाण), कशाचा (नायट्रेट), कशात (विहिरीचं पाणी), कुठल्या अटीवर (नायट्रोजन म्हणून, गाळलेलं). चारही जुळले तरच तो शब्द एक.

मग दोन्ही याद्या तशाच ठेवून मध्ये नातं लिहा. त्यासाठी डब्ल्यूथ्रीसीचं (वेबची मानकं ठरवणारी संस्था) स्कॉस हे शब्दयाद्या नोंदवायचं २००९ चं मानक आहे. त्यात ‘तंतोतंत तोच’, ‘जवळचा’, ‘जास्त व्यापक’ अशी नाती वेगळी नोंदवता येतात. ‘तंतोतंत’ देताना हात आखडता घ्या, कारण ते नातं पुढं सरकतं: अ म्हणजे ब, ब म्हणजे क, तर अ म्हणजे क. ‘जवळचा’ तसा सरकत नाही. पाव्हण्याचा पाव्हणा आपला पाव्हणा लागत नाही की हो.

स्कॉसमध्ये प्रत्येक संकल्पनेला एक कायमचा पत्ता (वेबच्या लिंकसारखा) असतो, आणि मराठी, कानडी, इंग्रजी नावं त्याला लेबल म्हणून चिकटतात. पाटीवर आधी कुठली भाषा, हा वाद निदान इथं तरी होत नाही. बेळगावचं १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी झालं. पत्ता वापरला असता तर जुन्या-नव्या फाइली जोडताना माझा एक रविवार वाचला असता.

सगळी यादी एकदम घेऊ नका, रोजच्या वापरातले वीसेक कॉलम पुरे. आणि शीट भरणाऱ्याला फोन करा. माझ्या नायट्रेटचा उलगडा कुठल्याच मानकात नव्हता. मूळ अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘एन म्हणून’ (एन म्हणजे नायट्रोजन) एवढंच लिहिलेलं होतं, आणि टाइप करणाऱ्यानं ती ओळ जागा नाही म्हणून गाळली होती.