भाग बदलण्याआधी कारण शोधा : एसयूव्हीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न (लातूर) : माझ्याकडे २०२२ सालची डिझेल एसयूव्ही आहे. मुलीला शाळेत आणि क्लासला सोडणे आणि बाजारहाट एवढाच तिचा वापर असून गाडी गावाबाहेर क्वचितच जाते. काही दिवसांपासून डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) पिवळा दिवा वारंवार लागतो. सर्व्हिस सेंटरमध्ये फिल्टर बदलावा लागेल असे सांगतात, तर ओळखीचे मिस्त्री तो काढूनच टाका म्हणतात. काय करावे?

उत्तर : हे दोन्ही उपाय तूर्त बाजूला ठेवावेत. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यापासून आपल्याकडच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा हा फिल्टर असतो. अडलेली काजळी अधूनमधून फिल्टरमध्येच जाळून टाकली जाते. त्यासाठी इंजिनचा संगणक थोडे जास्तीचे डिझेल उशिराने सोडून फिल्टरचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेतो, आणि ही क्रिया पुरी होण्यासाठी साधारणपणे पंधरा-वीस मिनिटे गाडी अखंड धावावी लागते. शाळा आणि क्लासच्या लहान फेऱ्यांत इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते, क्रिया अर्धवट राहते आणि काजळी साठत जाते. आपल्या वर्णनावरून फिल्टर बिघडला असण्यापेक्षा त्याला काम पुरे करायला सवड मिळत नसण्याची शक्यता अधिक वाटते.

केवळ हाच पिवळा दिवा स्थिर लागला असेल, तर औसा किंवा चाकूरच्या दिशेने मोकळ्या महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे, नेहमीपेक्षा एक गिअर खाली ठेवून, इंजिनचे फेरे मिनिटाला २,००० च्या वर राहतील अशा बेताने गाडी चालवावी. नेमका वेग आणि दिव्याचे अर्थ गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असतात. दिवा विझेपर्यंत मध्ये इंजिन बंद करू नये. मात्र दिवा उघडझाप करू लागला, किंवा सोबत इंजिनचा दिवा लागून गाडीची ओढ कमी झाली, तर हा प्रयोग न करता सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून फोर्स्ड रीजनरेशन, म्हणजे काजळी मुद्दाम जाळण्याची क्रिया, करून घ्यावे. त्या वेळी फिल्टरमध्ये काजळी किती भरली आहे आणि फिल्टरच्या पुढच्या-मागच्या दाबातला फरक किती आहे, हे दोन आकडे आग्रहाने विचारून लिहून घ्यावेत. दाब मोजणाऱ्या सेन्सरची रबरी नळी तडकली तरी संगणकाला चुकीचा आकडा मिळतो, आणि अशा वेळी किरकोळ नळीऐवजी महागडा फिल्टर बदलला जाण्याचा धोका असतो. काजळी पुन्हापुन्हा लवकर भरत असेल, तर इंजेक्टर, ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) आणि टर्बोकडून येणारी हवेची नळी यांची तपासणी आधी व्हावी.

आणखी एक गोष्ट मी आपल्याला आजच करायला सांगेन. सपाट जागी, इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी ओढून पाहा. काजळी जाळण्याची क्रिया वारंवार अर्धवट राहिली की न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि पातळी कमी होण्याऐवजी वाढते. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर पुढच्या सर्व्हिसची वाट न पाहता ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावा. नवे ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या कमी राखेच्या प्रतीचेच हवे, कारण काजळी जळून जाते, पण ऑइलची राख फिल्टरमध्ये कायमची साठते.

फिल्टर काढून टाकणे हा उपाय नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही, शिवाय तो धूर आपल्याच गल्लीतल्या मुलांच्या नाकातोंडात जातो. वापर पुढेही गावातल्या गावात राहणार असेल, तर पुढची गाडी पेट्रोलची घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न (परभणी) : गाडी रस्त्यावर धावत असली की एसी उत्तम चालतो, रेल्वे फाटकात किंवा सिग्नलला थांबलो की पाच मिनिटांत गरम हवा येते. एकाच उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला, तरी फरक नाही. आता कॉम्प्रेसर बदलायला सांगत आहेत.

उत्तर : तक्रारीचे निदान आपल्याच पहिल्या वाक्यात आहे. धावत्या गाडीत थंडावा मिळतो, याचा अर्थ कॉम्प्रेसर दाब निर्माण करतो आहे. थांबल्यावर थंडावा जातो, याचा अर्थ समोरच्या कंडेन्सरमधून (एसीचा गॅस गार करणाऱ्या जाळीतून) पुरेशी हवा खेचली जात नाही. परभणीत उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. तेवढ्या उष्ण हवेने कंडेन्सर गार करायचा, तर हवेची वाट पूर्ण मोकळी हवी आणि पंखा पूर्ण वेगाने फिरायला हवा.

इंजिन चालू ठेवून एसी लावा आणि बॉनेट उघडून हात दूर ठेवूनच पंख्याकडे पाहा. एसी लावल्यावर थोड्याच वेळात तो सुरू व्हायला हवा आणि दाब वाढेल तसा त्याचा वेग वाढायला हवा. पंखा फिरतच नसेल किंवा कायम संथ फिरत असेल, तर फ्यूज, रिले, वेग नियंत्रित करणारा रेझिस्टर किंवा मॉड्यूल आणि शेवटी मोटर, या क्रमाने तपासणी करावी. त्यानंतर टॉर्च घेऊन कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट पाहावी. काळ्या मातीची बारीक धूळ, किडे आणि वेचणीच्या दिवसांत उडणारे कापसाचे तंतू तिथे नमद्यासारखे बसतात. समोरून पाहताना कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि मागची बाजू पूर्ण बंद असते. बंपर सैल करून आतून बाहेरच्या दिशेने, मध्यम दाबाच्या पाण्याने ती धुवावी. वॉशिंग सेंटरमधला जोराचा फवारा जवळून मारल्यास कंडेन्सरच्या नाजूक पात्या आडव्या होतात आणि हवेची वाट आणखी अडते.

राहिला गॅस. एसीची यंत्रणा बंदिस्त असते आणि गॅस वापराने संपत नाही. तो खरोखर कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय पुन्हा भरणे म्हणजे पैसे हवेत सोडणे होय. उलट गरजेपेक्षा जास्त भरला, तरी दाब वाढून थंडावा कमीच होतो. किती ग्रॅम गॅस हवा, ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले असते. सगळा गॅस यंत्राने काढून, व्हॅक्यूम करून, तेवढाच वजनाने भरून घ्यावा. हे सारे झाल्यावरही दाबाचे आकडे चुकीचे आले, तरच कॉम्प्रेसरचा विचार करावा.

प्रश्न (हिंगोली) : उंदरांनी दोनदा वायरी कुरतडल्या. घराच्या मागे शेत आहे. इलाज सुचवावा.

उत्तर : गाडी गवत, कडबा आणि धान्याच्या पोत्यांपासून दूर उभी करावी, तिच्यात खाण्याची वस्तू ठेवू नये आणि ती दिवसेन्दिवस एकाच जागी उभी राहू देऊ नये. इंजिनच्या खालचे प्लास्टिकचे आवरण निघाले असेल तर पुन्हा बसवून घ्यावे, आणि एसीच्या हवेच्या तोंडाशी बारीक धातूची जाळी लावावी. कुरतडलेली वायर केवळ टेप गुंडाळून चालवू नये; जोड झाळून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवून घ्यावी. विम्यात अशा नुकसानीची भरपाई आहे का, हे दुरुस्तीपूर्वी विचारावे.

प्रश्न (बीड) : मांजरसुंब्याचा घाट चढताना इंजिन तापते. कूलंटची टाकी दर पंधरवड्याला थोडी रिकामी होते. मी घरच्या बोअरचे पाणी घालत आलो आहे. गाडीखाली गळती दिसत नाही.

उत्तर : बोअरचे पाणी आजपासून बंद करावे. आपल्याकडच्या भूगर्भातल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. भांड्याच्या तळाशी धरणारा तोच पांढरा थर रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत धरतो. शिवाय कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये पातळ होऊन इंजिनचे ॲल्युमिनियम खाल्ले जाते. कूलंट केवळ थंड प्रदेशासाठी असते हा समज चुकीचा आहे, कारण त्याने उकळबिंदूही वाढतो. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट, तयार मिळते ते किंवा डिस्टिल्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळलेले, वापरावे. रंग पाहून निवड करू नये. एकाच रंगाची दोन कूलंट वेगळ्या रसायनांची असू शकतात.

मात्र मूळ प्रश्न वेगळा आहे : कूलंट जाते कुठे? थंड इंजिनवर प्रेशर टेस्टर लावला की वॉटर पंप, थर्मोस्टॅटचे प्लास्टिकचे आवरण आणि नळ्यांचे जोड यांमधली बाहेरची गळती उघड होते. गरम इंजिनवर थेंब पडताच वाळत असल्याने ती एरवी दिसत नाही. पायाखालचा गालिचा ओलसर असेल आणि गोडसर वास येत असेल, तर हीटरची जाळी गळते. डिझेल गाडीत ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर गार करणारा भाग) आतून तडकला, तर कूलंट थेट धुरावाटे निघून जाते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. शेवटची शक्यता हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधल्या पत्र्याची. त्यासाठी टाकीवरची हवा विशिष्ट निळ्या द्रवातून ओढतात. त्यात इंजिनमधला वायू मिसळला असेल तर द्रव पिवळा होतो. ही स्वस्त चाचणी केल्याशिवाय हेड खोलू देऊ नये.

तोपर्यंत घाट टाळावा. तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करावा आणि सुरक्षित जागा पाहून थांबावे. तो लाल खुणेवर गेला, तर इंजिन बंदच करावे. गरम असताना टाकीचे झाकण उघडू नये. दाबाखालचे कूलंट उसळून चेहरा भाजतो, आणि हे अगदी अनुभवी माणसांच्या बाबतीतही घडते.

प्रश्न (धाराशिव) : पुढच्या बाजूने खडखड आवाज येतो. दोन्ही शॉकअप बदलण्याचा सल्ला मिळाला आहे.

उत्तर : आधी एक साधी परीक्षा करा. दोन्ही पुढची चाके एकाच वेळी चढतील असा सरळ गतिरोधक हळू ओलांडा, आणि नंतर एकच चाक खड्ड्यात जाईल अशी गाडी न्या. पहिल्या वेळी आवाज आला नाही आणि दुसऱ्या वेळी आला, तर संशय लिंक रॉडवर आहे, कारण एकच चाक वरखाली झाले तरच त्याला जोडलेल्या स्टॅबिलायझरच्या (गाडी एका बाजूला झुकू न देणाऱ्या) दांड्याला पीळ पडतो. हा भाग शॉकअपच्या मानाने फार स्वस्त आहे. ब्रेक दाबताना एकच ठोका ऐकू येत असेल तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश पाहावे, आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना आवाज येत असेल तर शॉकअपच्या वरचा माउंट. शॉकअपवर ऑइल ओघळलेले दिसत असेल किंवा गाडी दाबून सोडल्यावर हेलकावत राहत असेल, तर मात्र ते बदलावेत, आणि जोडीनेच बदलावेत.

प्रश्न (जालना) : समृद्धी महामार्गावर टायर फुटू नयेत म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का? नायट्रोजन भरावा का?

उत्तर : हवा कमी ठेवणे हाच टायर फुटण्याचा राजमार्ग आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला अधिक दबतो, त्याच्या बाजू तापतात आणि आतले थर सुटू लागतात. चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर दिलेला दाब, थंड टायरमध्ये, सकाळी निघण्यापूर्वी भरावा. सात जण आणि सामान असेल तर तिथेच दिलेला भरलेल्या गाडीचा आकडा पाळावा. प्रवासात दाब चार-पाच पीएसआयने वाढतो, आणि टायर तेवढे गृहीत धरूनच बनवलेला असतो. वाटेत थांबून हवा सोडू नये. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, म्हणून त्यासाठी मुद्दाम खर्च करण्यापेक्षा महिन्यातून दोनदा दाब तपासावा.

टायरच्या बाजूवरचे चार अंक वाचायला शिकावे. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक होऊन बारीक भेगा पडलेला, किंवा बाजूला फुगवटा आलेला टायर ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेच्या रस्त्यावर नेऊ नये. स्टेपनीचेही अंक आणि दाब पाहून घ्यावेत. काही गाड्यांत ती मूळ टायरपेक्षा अरुंद असते आणि तिच्यावर ८० ची वेगमर्यादा छापलेली असते.